कॉम्प्युटरला पाठवा, पण आधी क्रम सुलटा करा

बारावीचा निकाल जवळ आला की बार्शीटाकळीत एक प्रश्न घरोघरी फिरतो : "कॉम्प्युटरला अजून स्कोप आहे का?" गावाबाहेर सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांना तो फोनवर विचारला जातो. कधी एखादे मामू विचारतात, कधी शेजारच्या खाला, कधी मुलगा स्वतःच, "भाईजान, एआय घेऊ का सायबर सिक्युरिटी?" प्रश्न काळजीतून येतो, त्यामुळे त्याला नीट उत्तर द्यायला हवं. "हो, आहे" किंवा "आता काही राहिलं नाही" अशी दोन शब्दांची उत्तरं देऊन कोणाचं भलं होत नाही.

आपल्याकडे पदवीची निवड साधारण अशी होते. आधी शाखेचं नाव ठरतं. मग कॉलेज बघितलं जातं. मग पैशांची जुळवाजुळव. मग दाखल्यांसाठी तहसीलला धावपळ. आणि गणिताचा विचार सर्वात शेवटी, म्हणजे उशीर झाल्यावर. या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. आधी गणित, मग कागद, मग पैसा, मग पदवी आणि कॉलेज. शाखेचं नाव सर्वात शेवटी.

'स्कोप' हा शब्द आपल्याला एकदा महागात पडला आहे

२००० नंतरच्या दहा वर्षांत वऱ्हाडात डी.एड.ची लाट होती. अकोला, बाळापूर, पातूर, कारंजा, बार्शीटाकळी या पट्ट्यात उर्दू माध्यमाच्या शाळा भरपूर. त्यामुळे डी.एड. केलं की जिल्हा परिषदेची किंवा संस्थेची नोकरी लागणार, असा हिशेब घरोघरी मांडला जायचा. हुशार मुलं-मुली बारावीनंतर तिकडेच वळली. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, कागदावरचे विद्यार्थी उघडे पडले आणि मे २०१२ मध्ये शिक्षक भरती थांबवली गेली. मग २०१३ पासून टीईटी आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आलं. ज्यांच्या हातात फक्त डी.एड. होतं, त्यांची ऐन कमावण्याची वर्षं वाट बघण्यात गेली. त्यातले कितीतरी जण आज खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर आहेत किंवा दुकान चालवतात.

ती मुलं आळशी नव्हती. त्यांनी अशी पात्रता घेतली होती की जिला एकच दार होतं. ते दार सरकारने बंद केलं आणि दुसरं नव्हतंच.

आज तीच गर्दी कॉम्प्युटरच्या दारात आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची मर्यादा उठवली. त्यानंतर अनेक कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंड-शाखांच्या जागा वाढवल्या. दुसऱ्या बाजूला जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने आपले साधारण १२ हजार कर्मचारी, म्हणजे सुमारे २ टक्के, कमी करण्याचं जाहीर केलं. नवशिक्याकडून करून घेतलं जाणारं साधंसोपं कोडिंग आता यंत्र करू लागलं आहे. चार वर्षांनी बाजार कसा असेल हे कोणताही काउन्सेलर सांगू शकत नाही. म्हणून स्कोप विचारण्यापेक्षा हे विचारा : या पदवीने मुलासाठी किती दारं उघडी राहतात, आणि त्यातलं एक बंद झालं तर दुसरीकडे जाण्याइतकं शिक्षण त्याच्या अंगात राहतं का?

आधी गणित

गुणवंतांच्या सत्कार समारंभात आपले वक्ते अल-ख्वारिझ्मीचं नाव हमखास घेतात. नवव्या शतकातल्या बगदादच्या या गणितज्ञाच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला आणि 'अल-जब्र'वरून 'अल्जेब्रा', हे खरंच आहे. पण सभा संपते आणि त्याच महिन्यात आपण अकरावीच्या मुलाला गणित सोडायला लावतो, कारण घरात डॉक्टर हवा असतो. मुलगा फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेतो. दोन वर्षांनी नीटमध्ये जमत नाही आणि मग कोणीतरी म्हणतं, "चला, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करू." तोपर्यंत ते दार बंद झालेलं असतं. अभियांत्रिकीसाठी बारावीत गणित लागतंच. भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. ज्याचं मन अजून ठरलेलं नाही, त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत. ओझं वाढतं, पण दोन्ही दारं राहतात.

एमएचटी-सीईटीचा हिशेबही बघा. एकूण २०० गुण. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५० आणि गणित एकटं १००, कारण गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रश्नांत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के आणि बारावीचा ८०. म्हणजे निम्मी परीक्षा गणिताची आहे.

इथे उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी एक बारीक पण मोठी गोष्ट आहे. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचा पेपर इंग्रजीबरोबर मराठीत आणि उर्दूतही मिळतो. गणिताचा मात्र फक्त इंग्रजीत. आठवी-नववीपासून उर्दूत गणित केलेल्या मुलाला उदाहरण येत असतं, पण प्रश्नच कळत नाही. यावर उपाय फार खर्चाचा नाही. नववीपासून गणिताचे शब्द तिन्ही भाषांत लिहायची सवय लावायची. 'मुसल्लस' म्हणजे त्रिकोण म्हणजे 'ट्रँगल', हे तीन रकाने वहीच्या मागच्या पानावर असले की बारावीपर्यंत भीती मोडते. आपल्या उर्दू शाळांच्या शिक्षकांनी हे उद्यापासून सुरू केलं तरी चालेल, त्याला कोणत्याही जीआरची गरज नाही.

मग कागद

गुण असूनही जागा हुकते ती बहुतेक वेळा दाखल्यांमुळे. मुस्लिम समाजात हा गोंधळ जास्त आहे, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं.

महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत बागवान, मन्यार, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम जाती आहेत. हे सहज झालेलं नाही. शब्बीर अहमद अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यासाठी गावोगावच्या सभांना गेले, तेव्हा हे हक्क कागदावरून माणसांपर्यंत पोचू लागले. पण आपल्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. आडनाव शेख किंवा खान, त्यावरून काही कळत नाही. आणि ओबीसीचा दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांच्या शाळेची दाखल-खारीज नोंद, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुना महसुली कागद. हे शोधायला आठवडे लागतात, कधी महिने. त्यानंतर जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, आणि वर नॉन-क्रिमीलेअर. निकाल लागल्यावर हे सुरू केलं तर कॅप फेरी निघून जाते आणि मूल खुल्या वर्गात ढकललं जातं.

ज्यांची जात ओबीसीत येत नाही, अशा सय्यद, पठाण वगैरे घरांसाठी आर्थिक दुर्बल घटकाचं, म्हणजे ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण आहे. ते धर्म बघत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ते बघायला हवं. "ते आपल्यासाठी नसतं" हा गैरसमज आपल्या मोहल्ल्यांत अजून आहे.

मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षणाचा विषय इथे निघणारच. २०१४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातल्या आरक्षणाला अंतरिम आदेशात अडवलं नाही. तरीही पुढे कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. ही मागणी आपण सोडू नये. पण जे आरक्षण आज कायद्याने हातात आहे, ते कागद नसल्यामुळे वाया घालवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला सरकार एकटं जबाबदार नाही.

म्हणून नियम सोपा ठेवा. दहावीची परीक्षा झाली की मोठी सुट्टी असते, त्यात फाइल सुरू करायची. अधिवास, उत्पन्न, जात, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव सारखं आहे की नाही. 'मोहम्मद', 'मो.', 'मोहंमद' या तीन स्पेलिंगांनी आपल्या किती मुलांची शिष्यवृत्ती अडकली असेल! बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज करायचा.

मग पैसा

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं खासगी कॉलेज म्हणजे वर्षाला लाखाच्या घरात शुल्क, वर राहणं-खाणं. दोन-चार एकर सोयाबीन-तुरीच्या शेतीवर किंवा मिस्त्रीकामावर चालणाऱ्या घराला हे ऐकूनच घाम फुटतो. पण जाहीर केलेलं शुल्क आणि प्रत्यक्ष भरावं लागणारं शुल्क यांत मोठा फरक पडू शकतो.

टीएफडब्ल्यूएस नावाची योजना आहे. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात की तिथे शिकवणी शुल्क माफ. जातीची अट नाही, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, प्रवेश गुणांवर. खुल्या वर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना निम्म्या शिकवणी शुल्काचा भार उचलते. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. अल्पसंख्याक विभागाची व्यावसायिक शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी दराने शैक्षणिक कर्ज देतं.

मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय प्रत्येक घरात पाठ असायला हवा. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आता वरचा कागदांचा भाग पुन्हा वाचा. मुलगी मुस्लिम आहे एवढ्यावर ही माफी मिळत नाही. तिच्या हातात ओबीसीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला असला तरच मिळते. एक दाखला नसल्यामुळे चार वर्षांचं शुल्क भरावं लागतं आणि मग घरात ठरतं, "एवढे पैसे मुलावर लावू, हिला बी.ए. करू दे."

या सवलतींना एक सामायिक अट आहे : प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. "कॅपच्या भानगडीत पडू नका, आमच्याकडे मॅनेजमेंटमधून थेट सीट घ्या" असं सांगणारे एजंट निकालाच्या दिवसांत अकोल्यात फिरतात. त्यांचं ऐकलं की सवलती गेल्या. डोनेशन मागणं हा १९८७ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा पावती मागा आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला किती शुल्क मंजूर केलंय ते बघा.

मग पदवी : चार रस्ते

पहिला रस्ता बी.ई. किंवा बी.टेक., बारावीनंतर चार वर्षं. आपल्या भागात अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. शेगाव आणि बडनेऱ्याची कॉलेजं १९८३ मध्ये सुरू झाली. अकोल्याजवळ बाभुळगावला श्री शिवाजी शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे. अल्पसंख्याक कोट्याचा विचार करायचा तर नागपूरचं अंजुमन आणि मुंबईत भायखळ्याचं साबू सिद्दीक ही नावं यादीत असावीत. नोकरीच्या बाजारात आजही सर्वात जास्त दारं या पदवीला उघडी आहेत. पण गणित आवडत नसताना केवळ नावासाठी इथे आलेला मुलगा पहिल्याच वर्षी एम-वन, एम-टूमध्ये अडकतो, आणि बॅकलॉग घेऊन फिरणाऱ्याला कंपन्या कॅम्पसमध्ये बसूही देत नाहीत.

दुसरा रस्ता दहावीनंतरचा डिप्लोमा. याकडे आपण "कमी मार्कवाल्यांचा" म्हणून बघतो, हे चूक आहे. तीन वर्षं पॉलिटेक्निक आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग, म्हणजे आणखी तीन. एकूण सहा वर्षं. अकरावी-बारावी आणि चार वर्षं बी.ई. यांचीही बेरीज सहाच. या रस्त्यावर सीईटी लागत नाही. डिप्लोमाच्या गुणांवर दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अकोल्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, शुल्क आवाक्यातलं आहे आणि बार्शीटाकळीहून ते रोजच्या जाण्या-येण्याच्या अंतरात आहे. मधेच घरची परिस्थिती बिघडली तर हातात डिप्लोमा असतो. बारावीनंतर थांबलेल्याच्या हातात काही नसतं. कसर एकच : दुसऱ्या वर्षाला गेल्यावर गणित जड जातं, त्याची तयारी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातच करावी लागते.

तिसरा रस्ता बीसीए किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा नव्या धोरणानुसार चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. बीसीएला कोणत्याही शाखेचा बारावी पास मुलगा जाऊ शकतो. २०२४ पासून बीसीए तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आलं आणि त्यासाठी वेगळी सीईटी सुरू झाली. पहिल्याच वर्षी कितीतरी मुलांना ती सीईटी आहे हेच माहीत नव्हतं, जागा रिकाम्या राहिल्या, पुन्हा जादा सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नावच बदलून घेतलं. म्हणून बीसीएच्या जाहिरातीत दिसणारं नाव आणि विद्यापीठाच्या पदवीवर छापलं जाणारं नाव एकच आहे का, हे आधी विचारा. नुसत्या बीसीएवर दारं कमी आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं. पण बीसीए आणि त्यावर दोन वर्षांचं एमसीए असा पाच वर्षांचा बेत असेल, तर तो बी.ई.च्या जवळपास नेऊन सोडतो. विप्रोसारखी कंपनी बीसीए-बी.एस्सी. झालेल्यांना नोकरीत घेऊन एम.टेक. करवते, अशाही वाटा आहेत. एमसीएसाठी गणिताची अट पुन्हा आडवी येऊ शकते, ते विसरू नका.

चौथा रस्ता घरी राहून. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. जेईई लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. आधी काही आठवडे शिकवतात, मग पात्रता परीक्षा घेतात. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. उत्पन्नानुसार शुल्कात सवलत आहे आणि टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची सोय आहे. ही सोपी पदवी नाही, गणित भरपूर आहे. पण दुकान सांभाळणाऱ्या मुलाला किंवा ज्या मुलीला घरून बाहेरगावी पाठवत नाहीत तिला हा खरा रस्ता आहे. नोकरी करत शिकणाऱ्यांना इग्नूचं बीसीए आहे. दूरशिक्षणाच्या बाकी जाहिरातींना भुलण्याआधी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे तपासा.

"डिग्री हवीच कशाला, पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करू, शंभर टक्के प्लेसमेंट" असंही एक दुकान आहे. कोर्स वाईट नसतात. पण हजारो अर्जांतून माणसं निवडताना मोठ्या कंपन्या पहिली चाळणी पदवीची लावतात. दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे ६० टक्के ही अट कितीतरी ठिकाणी असते. कोर्स पदवीच्या जोडीला करा, पदवीच्या जागी नको.

कॉलेज आणि शाखेचं नाव

कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, एआय-एमएल, सायबर सिक्युरिटी, आयओटी. ही नावं बघून मुलं गोंधळतात. अभ्यासक्रम उघडून शेजारी शेजारी ठेवले तर पहिल्या दोन वर्षांतले बरेच विषय सारखेच दिसतात : डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टम, डेटाबेस, नेटवर्क, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. याच विषयांवर पुढची वीस वर्षं नोकरी टिकते. भाषा आणि फॅशन बदलत राहतात.

उदाहरण घ्या. किराणा दुकानात यूपीआयने २०० रुपये पाठवले आणि मधेच नेटवर्क गेलं. ग्राहकाच्या खात्यातून कापले गेले, दुकानदाराला आले नाहीत. अशा वेळी काय व्हायला पाहिजे? एक तर दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, आणि मधेच अडकलेला व्यवहार नंतर शोधून मार्गी लावता यावा. हे कसं साधायचं, ते डेटाबेस आणि नेटवर्क या विषयांत शिकवतात. एआयकडून कोड लिहून घेता येतो, पण तो कोड अशा वेळी चुकतोय हे ओळखायला हा पाया लागतो. ज्याचा पाया पक्का, त्याला एआय हे हत्यार आहे. ज्याने चार वर्षं फक्त नोट्स पाठ केल्या, त्याचं काम एआय करतंय.

तेव्हा कॉलेज बघायला जाताना रंगीत पत्रक बाजूला ठेवा आणि हे विचारा. या शाखेतले कायम शिक्षक किती, आणि ते कॉम्प्युटरचेच आहेत का? शाखा नवी असेल तर तिची पहिली तुकडी बाहेर पडली का? शाखेला एनबीएचं मानांकन आहे का? प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का? गेल्या वर्षी किती मुलांना नोकरी मिळाली, आणि मधला पगार किती? एकाच मुलाचं मोठं पॅकेज फ्लेक्सवर लावतात. बाकीच्यांचं साडेतीन लाखांच्या आसपास असतं, आणि हा आकडा बरीच वर्षं फारसा हललेला नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन मुलांशी गेटबाहेर चहा घ्या, खरं कळेल. आणि चांगल्या कॉलेजातलं आयटी हे कमजोर कॉलेजातल्या एआयपेक्षा केव्हाही बरं.

इंग्रजीची भीती

तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजने मराठीतून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग सुरूही केलं. डिप्लोमाला मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाची सोय आली. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात बी.टेक. आणि एमसीए आहे. समजून घ्यायला आपली भाषा वापरा, त्यात कमीपणा नाही. पण या धंद्याचे कागद, चुकांचे संदेश, मुलाखती इंग्रजीत आहेत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून रोज दोन पानं तांत्रिक इंग्रजी वाचणं हा अभ्यासाचाच भाग धरा. उर्दू-मराठीतून शिकून पुढे गेलेली मुलं या क्षेत्रात कमी नाहीत. त्यांना वर्ष-दीड वर्ष त्रास झाला, मग सुटला.

मुलींचा प्रश्न वेगळा नाही, आपण तो वेगळा करतो

गावात दहावी-बारावीच्या निकालात मुली पुढे असतात. मग त्या कुठे जातात? अकोला अठरा-वीस किलोमीटरवर आहे, रेल्वे आहे, बस आहे. शुल्क माफ आहे. सॉफ्टवेअर हे असं काम आहे की लग्नानंतर, मूल झाल्यावर, दुसऱ्या शहरात गेल्यावरही घरून करता येतं. तरीही "जमाना खराब है" या तीन शब्दांत चर्चा संपते. काळजी खरी असेल तर चार-पाच मुलींचे प्रवेश एकाच कॉलेजात करा, येणं-जाणं एकत्र ठेवा, वसतिगृह आईने स्वतः जाऊन बघू द्या. जिथे खरंच अडचण आहे, तिथे घरून करता येणारी पदवी आहेच. पण तो शेवटचा पर्याय असावा, पहिला नाही.

समाजाने काय करायचं

२००६ च्या सच्चर अहवालात नोंद होती की देशात २० वर्षांवरच्या लोकसंख्येत पदवी किंवा पदविकाधारक साधारण ७ टक्के, मुस्लिमांत ४ टक्क्यांहून कमी. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिम ४.६ टक्के होते. आदल्या वर्षी ५.५ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा मात्र १४.२ टक्के. म्हणजे अंतर आहे आणि ते त्या वर्षी वाढलं. त्यात २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिपही बंद केल्याचं केंद्राने सांगितलं. सरकारला जाब विचारणं हे नागरिक म्हणून आपलं काम आहे आणि ते चालू राहील.

पण काही कामं आपल्या हातात आहेत. बार्शीटाकळीसारख्या गावात दरवर्षी गुणवंतांचे तीन-चार सत्कार होतात. मंडप, शाली, स्मृतिचिन्हं, पाहुण्यांची भाषणं. त्यातला एक सत्कार कमी करा आणि त्या पैशांत तीन गोष्टी करा. एक, दहावीच्या सुट्टीत दाखल्यांचं शिबिर : सेतूचा माणूस, एक वकील आणि जुन्या नोंदी काढून देणारा एक जाणकार, तीन दिवस एका जागी. दोन, अकरावीच्या प्रवेशाआधी पालकांची एक बैठक, ज्यात फक्त गणित सोडायचं की नाही यावर बोलायचं. तीन, कॅप फेरीच्या दिवसांत एक कॉम्प्युटर आणि दोन शिकलेली मुलं मस्जिद कमिटीच्या किंवा वाचनालयाच्या खोलीत संध्याकाळी बसवायची, पसंतीक्रम भरून द्यायला. हा अर्ज सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर भरला जातो आणि मुलाला स्वतःचा पसंतीक्रम माहीत नसतो, हे थांबलं पाहिजे. जकातीतून गरजू विद्यार्थ्याला मदत करणारी घरं आपल्याकडे आहेत. ती मदत निकालानंतर सत्कारात देण्यापेक्षा प्रवेशाच्या आधी पोचली, तर एक जागा वाचते.

आणि आम्ही, जे पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत या धंद्यात आहोत, त्यांनी ईदला गावी आल्यावर नुसतं "खूप अभ्यास करा" म्हणून परत जाऊ नये. प्रत्येकाने नववीतली दोन मुलं आणि दोन मुली धराव्यात आणि पदवी मिळेपर्यंत सोडू नयेत. पुढच्या मे महिन्यात "स्कोप आहे का" विचारणारा फोन आला, तर उलट विचारू : गणित घेतलंय का, दाखल्यांची फाइल झाली का, कॅपची तारीख माहीत आहे का? तिन्हीला हो असेल, तर शाखेचं नाव काहीही असलं तरी चालेल.